थेम्सकाठून : चिंकापिनची फांदी



या खेपेला भाजणीच्या चकल्या मेडनहेडच्या हवेत मऊ का पडतात यावर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी. मध्ये एक प्रकरण झालं आणि त्यात माझी थोडी (खरं तर बरीच) चूक झाली, ते आधी सांगून टाकतो.

गोष्ट गेल्या सप्टेंबरच्या शेवटची. व्हर्जिनियात आमचा मावसभाऊ असतो, आम्ही त्याला दादाच म्हणतो. त्याने नवीन घर घेतलं. नवीन म्हणजे त्याला नवीन, घर जुनंच. मागे बरंच मोठं आवार, आणि आवाराच्या टोकाला दोन पुरुष उंचीचं एक झुडूप. त्याला काटेरी बोंडं. बोंडं गवतात पडतात, आणि आमचा सात वर्षांचा पुतण्या अनवाणी पळतो. पुढचं सांगायला नकोच. बुधवारी रात्री दादाचा मेसेज आला, सोबत चार फोटो. "अरे, तू ते झाडांचं काहीतरी करतोस ना? हे काय आहे सांग. फोनमधलं अ‍ॅप नुसतंच चेस्टनट म्हणतंय. शनिवारी लॉनवाला येतोय कापायला. ठेवण्यासारखं असेल तर आत्ताच सांग."

आता मी झाडांचं काय करतो, ते सांगितलं पाहिजे. शिक्षणाने इंजिनिअर, पोटापाण्याला डेटाबेस. झाडांतलं ज्ञान बारावीच्या जीवशास्त्रापर्यंत, तेही पास होण्यापुरतं. पण गेली तीन-चार वर्षं एक छंद लागलाय. संध्याकाळी पोरं झोपली की हर्बेरियमच्या जुन्या शीटांचे फोटो स्क्रीनवर उघडायचे आणि त्यावरची लेबलं वाचून टाइप करायची. जगभरात असे बरेच हौशी लोक आहेत. दीडशे वर्षांपूर्वीचं वेलांटीदार इंग्रजी अक्षर लावायचं हे काम, कोणाला शब्दकोडी आवडतात तसं मला आवडतं. मोडी वाचणाऱ्या माझ्या आजोबांकडून आलं असावं.

हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचा दस्तऐवजखाना. एक फांदी, पानं-फुलं-फळं असलेली, कागदांत दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि उजव्या कोपऱ्यात लेबल लावायचं : कोणी तोडली, कुठे, कधी, आणि त्याच्या मते ती कशाची. बस. आमच्याकडून रेल्वेने ईलिंग ब्रॉडवे आणि तिथून ट्यूब बदलत गेलं की क्यू लागतं. तिथल्या हर्बेरियममध्ये अशी सुमारे सत्तर लाख शीटं आहेत. बागेसारखं तिथे तिकीट काढून शिरता येत नाही, पण त्यांचे फोटो आणि नोंदी इंटरनेटवर बघता येतात. (अवांतर : हे हर्बेरियम क्यूमधून हलवून रेडिंगजवळच्या सायन्स पार्कात न्यायचा प्रस्ताव २०२३ मध्ये पुढे आला आणि अभ्यासकांनी त्याला कडाडून विरोध केला. माझ्या घरापासून ते जास्त जवळ पडेल, म्हणून मी यात निःपक्षपाती नाही.)

तर दादाचा मेसेज. मी दहा मिनिटांत उत्तर दिलं. फोटोत लांबट, कडेला दाते असलेली पानं, काटेरी बोंडं. चेस्टनटच्या घरातलंच काहीतरी, यात शंका नव्हती. (चेस्टनट म्हणजे विंडसर ग्रेट पार्कात आपण पिशव्या भरभरून वेचतो ते. शाळेच्या वाटेवर पडतात ते कॉंकर, हॉर्स चेस्टनटचे, विषारी. पहिल्या वर्षी मी तेच कुकरला लावणार होतो. शेजारच्या आजींनी वेळेवर बघितलं म्हणून हा स्तंभ चालू आहे.) अमेरिकेत आवारात दिसणारं चेस्टनट बहुधा चिनी असतं, लोक हौसेने लावतात. दुसरी शक्यता तिथल्याच मूळच्या झुडपाची, चिंकापिनची. मी जगभरातल्या नोंदींचा नकाशा उघडला, चिंकापिन शोधलं, दादाच्या गावावर मोठं करून बघितलं. आजूबाजूला एकही ठिपका नाही. म्हटलं, झालं. लिहिलं, "चिनी चेस्टनट आहे. तुमच्या भागात ते दुसरं नसतंच. बिनधास्त काप."

बिनधास्त हा शब्द मी वापरला. मेसेज अजून आहे.

आता हे चिंकापिन काय आहे ते सांगतो, कारण मलाही ते त्या आठवड्यात नीट कळलं. नाव अल्गोंक्वियन भाषेतलं, व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांचं. कॅप्टन जॉन स्मिथने १६१२ साली व्हर्जिनियाचं वर्णन छापलं, त्यात हे लोक खातात ते छोटं फळ म्हणून ते नाव त्याच्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय. चेस्टनटचंच धाकटं भावंड, झुडूप किंवा छोटं झाड, बी लहान पण चवीला गोड. शास्त्रीय नाव कास्टानिया प्युमिला, प्युमिला म्हणजे ठेंगणी.

पुढे गोरे लोक पश्चिमेकडे सरकले तसं नावही त्यांच्याबरोबर सरकलं. ऑरेगन-कॅलिफोर्नियाकडे पानाची खालची बाजू सोनेरी असलेलं एक झाड भेटलं, त्याला म्हणाले सोनेरी चिंकापिन. ते वेगळ्याच प्रजातीचं. आपल्याकडे ईशान्य भारत, नेपाळपासून पार जपानपर्यंत कास्टानोप्सिस नावाची शंभराहून जास्त प्रकारची झाडं आहेत, इंग्रजीत त्यांनाही चिंकापिनच. आणि कहर म्हणजे नुसतं नाव टाकून शोधलं तर मला चक्क कमळ मिळालं! अमेरिकेतल्या पिवळ्या कमळाला वॉटर चिंकापिन म्हणतात, त्याच्याही बिया खातात म्हणून. आपण नाही का पाण्यातल्या शिंगाड्याला इंग्रजीत वॉटर चेस्टनट म्हणून मोकळे होतो, तसंच. बोलीभाषेतलं नाव म्हणजे डेटाबेसच्या भाषेत अत्यंत बेभरवशाची की.

यातल्या नेपाळच्या एका झाडाचं शास्त्रीय नाव कास्टानोप्सिस ट्रिब्युलॉइडिस. ट्रिब्युलस म्हणजे आपला सराटा, गोखरू. बोंडाचे काटे बघून कोणीतरी "सराट्यासारखं" असं नाव ठेवलंय. ऑफिसातला नेपाळी मित्र रेडिंगहून येतो, त्याला फोटो दाखवला तर तो लगेच "कटुस!" म्हणाला आणि आजोळी दसऱ्याच्या सुमारास पोरं कशी कटुस भाजून खायची त्यावर अर्धा तास बोलला. स्टँडअप मीटिंग तिथेच आडवी झाली.

असो. बुधवारी रात्री उत्तर देऊन मी निवांत. शुक्रवारी संध्याकाळी जेवताना बायकोला फोटो दाखवले. ती व्यवसायाने टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायचे तिला पैसे मिळतात. तिने फोटो मोठा केला आणि विचारलं, "चेस्टनटच्या एका बोंडात किती बिया असतात?"

म्हटलं, दोन-तीन. विंडसरचे आठव ना, एक बाजू चपटी असते, शेजारच्याला चिकटून बसल्यामुळे.

"मग यात एकच कशी? आणि चपटी कुठेय, गोल आहे. बोंडही दोनच फाकांत उघडलंय."

मी घास तसाच ठेवून लॅपटॉप उघडला. कुठलंही वर्णन काढा, पहिल्या चार ओळींत हेच : चिंकापिनच्या बोंडात बी एकच, बोंड दोन फाकांत उकलतं. चिनी चेस्टनटच्या बोंडात दोन-तीन. बारावीच्या पोरालाही कळेल असा फरक, आणि मी फळ सोडून नकाशा बघत बसलो होतो.

पण मग नकाशावर ठिपका का नाही? इथे मात्र धंद्यातली अक्कल उशिरा का होईना कामाला आली. शोधताना मी एका चौकटीत टिक केली होती : फक्त अक्षांश-रेखांश असलेल्या नोंदी दाखवा. नकाशा काढायचा तर ते लागतंच, त्यामुळे हात आपोआप तिथे जातो. आता १९१० साली फांदी तोडणाऱ्या माणसाकडे जीपीएस होतं का? त्याने लिहिलं, "कोरडं टेकाड, रस्त्याच्या कडेला", आणि काउंटीचं नाव. कोणी मागाहून बसून ती जागा नकाशावर शोधून आकडे भरले तरच ठिपका पडतो. नाही भरले तर शीट कपाटात आहे, फोटो आहे, लेबल टाइप झालेलं आहे, पण नकाशाच्या लेखी ते झाड नाहीच. मी टिक काढली. दादाच्याच काउंटीची नावं असलेली शीटं धडाधड खाली उतरली.

ज्यांचा डेटाशी संबंध येतो त्यांना हे नवीन नाही. रकाना रिकामा असणं वेगळं आणि त्यात शून्य असणं वेगळं, हे मी ऑफिसात नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. आणि स्वतः मात्र रिकाम्याला शून्य समजून एक झाड कापायला सांगितलं.

इथे अकरा वाजले होते, तिकडे सहा. फोन केला. वहिनीने उचलला.

"अहो भावजी, ते झालं की. शनिवारी पावसाचा अंदाज होता म्हणून तो आजच येऊन गेला. छान मोकळं दिसतंय आता."

मी काय बोललो ते नीट आठवत नाही. दादा फोनवर आला तेव्हा त्याला खरं काय ते सांगितलं. तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "अरे पण तू नसतंच म्हणालास ना."

तर आता त्या "नसतंच"मागे काय आहे, ते सांगतो. अमेरिकेत चेस्टनट ही एकेकाळी पूर्वेकडच्या जंगलांतली राणी होती. १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर एक बुरशी दिसली, आशियातून आणलेल्या झाडांबरोबर आलेली. सालीत शिरते, खोडाला गळफास लागल्यासारखी सगळीकडून वेढते, वरचं सगळं वाळतं. पुढच्या साधारण पन्नास वर्षांत तीन ते चार अब्ज झाडं गेली असा अंदाज आहे. लाकूड, डुकरांचा चारा, डोंगराळ भागातल्या गरिबांचं हिवाळ्याचं खाणं, सगळं त्याबरोबर गेलं. चिंकापिनलाही ही बुरशी लागते. पण झुडूप असल्यामुळे ते बुंध्यातून पुन्हा फुटतं, लहान वयात फळतं, आणि बुरशीने गाठायच्या आत चार बिया टाकून मोकळं होतं. त्यामुळे तग धरून आहे. ओझार्क डोंगराकडचा त्याचा भाऊबंद चांगला उंच वाढायचा, विसाव्या शतकाच्या मध्यावर बुरशी तिकडेही पोचली आणि आता बहुतेक ठिकाणी जुन्या बुंध्यांवरचे फुटवेच उरलेत.

पूर्वी हे झाड केवढं होतं, कुठवर होतं, हे सांगणारं काय उरलंय? बऱ्याच ठिकाणी फक्त शीटं. अलाबामातलं एक उदाहरण तर मला फार आवडलं. विल्यम अ‍ॅश नावाचा एक वनाधिकारी होता, तो फिरेल तिथे फांद्या दाबायचा. त्याने १९२५ साली अलाबामातल्या एका चिंकापिनला स्वतंत्र जात म्हणून नाव दिलं. नंतरच्यांनी म्हटलं, छे, ही वेगळी जात नाही, चेस्टनट आणि चिंकापिनचा संकर असेल. नाव यादीतून गेलं. पण फांद्या कपाटांत राहिल्या. पुढे टेनेसीतल्या चॅटनूगा विद्यापीठातल्या मंडळींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी झाडं जंगलात गाठून त्यांचा डीएनए तपासला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं की हा संकर नाही, वेगळीच जात आहे. म्हणजे अ‍ॅश बरोबर होता, त्याला जाऊन तेव्हा नव्वदच्या आसपास वर्षं झाली होती.

शीटची गंमत हीच आहे. नाव चुकलं तरी फांदी खोटं बोलत नाही. पुढच्या माणसाला नाव पटलं नाही तर तो आपली चिठ्ठी शेजारी डकवतो, नाव आणि वर्ष टाकून. आधीची चिठ्ठी फाडायची नाही, हा नियम. त्या सोनेरी चिंकापिनच्या जुन्या शीटांवर तुम्हाला एकाखाली एक तीन आडनावं मिळू शकतात : आधी कास्टानिया, मग १८६३ नंतर कास्टानोप्सिस, मग १९४८ नंतर क्रिसोलेपिस. आम्ही व्हर्जन कंट्रोलसाठी केवढाली सॉफ्टवेअरं विकत घेतो. यांनी ते काम गोंदाच्या बाटलीवर भागवलं.

परत शुक्रवारी रात्री. मी दादाला विचारलं, कापलेलं कुठे आहे? म्हणाला, कचऱ्याच्या कागदी पिशव्यांत, सोमवारी गाडी येईल. म्हटलं, एक काम कर. दोन-तीन फांद्या काढ, पानं शाबूत असलेल्या, बोंडं असलेल्या. वर्तमानपत्रात दाबून ठेव.

"वर्तमानपत्र? आमच्याकडे? कुठल्या जमान्यात आहेस तू!"

मागून वहिनीचा आवाज आला, "आईंनी आणलेला दिवाळी अंक आहे ना गेल्या वर्षीचा!"

आमची मावशी इथून जाताना काय काय नेते त्याची यादी वेगळी. तो जाडजूड अंक कामाला आला. जाहिरातींची गुळगुळीत पानं नकोत, ती पाणी पीत नाहीत; कथा-कवितांची खरखरीत पानं घ्या, एवढं मी सांगितलं. एखादं पान उलटं ठेवा, पानाची खालची बाजूही दिसली पाहिजे, तिथली पांढरट लव ही चिंकापिनची खूण. बोंडं जाड, दाबली जाणार नाहीत, ती वेगळ्या पाकिटात. रोज कागद बदला, नाही तर बुरशी येईल. वरून वजन ठेवा. वहिनीने फरशीवर अंक, अंकावर पोळपाट आणि पोळपाटावर तांदळाची दहा किलोची पिशवी असा थर रचला आणि फोटो पाठवला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, म्हटलं, आत्ताच्या आत्ता लिहून ठेवा : तारीख, पूर्ण जागा, झुडूप किती उंच होतं, सावलीत की उन्हात, शेजारी काय होतं, आणि आजच कापलं हेही. वाळलेल्या फांदीवरून उंची कळत नाही. तारीख आकड्यांत नको, महिना अक्षरांत. तुमच्याकडे आधी महिना, आमच्याकडे आधी दिवस. ३/४/१९०५ हा मार्च की एप्रिल यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवलेली आहे.

दादा म्हणाला, तुलाच पाठवून देतो पोस्टाने. म्हटलं, नको रे बाबा. ती बुरशी इंग्लंडमध्ये २०११ मध्ये सापडली, तेव्हापासून इथे तिला शोधून आवरायचा खटाटोप चाललाय. चेस्टनटच्या घरातलं काही पाकिटात घालून समुद्रापार पाठवायचं नाही. तुमच्या जवळच्या विद्यापीठात हर्बेरियम असेल, त्यांना मेल कर. केला. त्यांचं सभ्य उत्तर आलं : वाळलं की आणा, आम्ही आधी काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवू, किडे मरायला. वहिनीने तेवढी वाटही बघितली नाही. आमची शीट आधी उकडीच्या मोदकांशेजारी गोठून मगच विद्यापीठात गेली. (जुन्या काळी किडे लागू नयेत म्हणून शीटांना पाऱ्याचं विषारी मीठ चोपडायचे. तेव्हा मोदक बरे.)

मग वाट बघणं आलं. तिथे एक बाई तज्ज्ञ आहेत, त्या सवडीने बघतील, असं कळलं. त्या काळात मला अपराधी वाटत होतं म्हणा किंवा उत्सुकता म्हणा, मी आपल्याकडचं शोधत बसलो. सह्याद्रीत या कुळातलं मूळचं एकही झाड नाही. चेस्टनट नाही, चिंकापिन नाही, ओकही नाही. आपल्याला "नाही" म्हणता येतं, पण कशाच्या बळावर? माझ्यासारखं नकाशा बघून नव्हे. कोणीतरी घाट तुडवले, फांद्या दाबल्या, आणि दुसऱ्या कोणीतरी त्या एकेक करून तपासल्या.

तो दुसरा कोणीतरी आमच्याच कॉलेजचा निघाला. थिओडोर कुक, जन्म १८३६, आयरिश माणूस, शिक्षणाने इंजिनिअर. बीबी अँड सीआय रेल्वेत आला, वसईच्या खाडीवरचा लोखंडी पूल बांधला, आणि १८६५ पासून पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, म्हणजे आमच्या सीओईपीचा, प्रिन्सिपॉल. पुढे त्याचं नाव कॉलेज ऑफ सायन्स झालं तेव्हाही तोच. चार वर्षं मी त्या आवारात काढली, मला हे नाव कोणी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल आणि मी कँटीनमध्ये असेन. १८९३ मध्ये निवृत्त होऊन तो इंग्लंडला परतला आणि पुढे क्यूमध्ये बसून मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. १९०१ ते १९०८ भाग निघत होते. १९१० मध्ये क्यूलाच गेला. महाराष्ट्रातल्या झाडांवर काम करणारा माणूस आजही तो ग्रंथ उघडतो.

त्या ग्रंथात प्रत्येक झाडाखाली ठिकाणं आहेत : कात्रज घाट, महाबळेश्वर, लोणावळा, मावळ. ठिकाणापुढे गोळा करणाऱ्याचं नाव. वुड्रो, जो पुण्याच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. कानिटकर. आणि भिवा. नुसतं भिवा, आडनाव नाही. आंबा घाटातल्या सोनघंटेच्या शास्त्रीय नावात तर रानडे आहेत : अ‍ॅब्युटिलॉन रानडेइ, १८९४ चं, पुण्याच्या याच गोतावळ्यातल्या रानड्यांवरून. पण भिवाच्या वाट्याला फक्त नावापुढे उद्गारचिन्ह. भिवा! असं. मला आधी वाटलं छपाईची चूक. तर ती खूण आहे, वनस्पतिशास्त्रज्ञांची जुनी रीत : हे शीट मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्याआधीची नोंद कशी असायची तेही बघा. क्यूमधल्या कितीतरी जुन्या शीटांवर छापील लेबल आहे, "मलबार, कोंकण इत्यादी", गोळा करणारे "स्टॉक्स, लॉ इत्यादी". म्हणजे केरळपासून ठाण्यापर्यंत कुठेही, आणि या दोघांपैकी किंवा तिसऱ्याच कोणीतरी. स्टॉक्स हा डॉक्टर, लॉ मुलकी अधिकारी. हरिश्चंद्रगडावरच्या कंदीलपुष्पाच्या नावात, सेरोपेजिया लॉवीआयमध्ये, हाच लॉ आहे. माणसं कष्टाळू, पण लेबल छापताना सगळ्यांची मोट एकत्र बांधली गेली. असली नोंद नकाशावर टाकायची म्हटली तर ठिपका कुठे द्यायचा? कोणी मध्यबिंदू काढतो, आणि मग कोकणातलं झाड भलत्याच जिल्ह्यात उगवतं. एकच फांदी तोडून चार हर्बेरियमांना वाटली असेल तर चार ठिपके. बागेत लावलेल्या झाडाची फांदी असेल तर जंगल नसलेल्या जागी ठिपका. हे सगळं मी टाइप करतो त्या नोंदींतही आहेच, आणि तरीही त्या बुधवारी नकाशावर डोळे झाकून विश्वास टाकला. माझ्या मेसेजला उद्गारचिन्ह द्यायचा मला काही अधिकार नव्हता.

मार्चमध्ये दादाचा मेल आला, विद्यापीठाचा पुढे पाठवलेला. त्या बाईंनी बघितलं होतं. कास्टानिया प्युमिला. पानाच्या खालची लव, एका बोंडात एक बी, सगळं जुळतंय. शीट दाखल झालं, नंबर पडला, फोटो निघाला. अक्षांश-रेखांश वहिनीने फोनवरून लिहिले होते, त्यामुळे नकाशावर ठिपकाही पडला. लेबलवर शेवटी एक ओळ आहे, की त्याच दिवशी कापलेल्या झुडपावरून घेतलं. ती ओळ घालायचा आग्रह माझाच होता, आणि आता ती वाचताना बरं वाटत नाही.

दादा मात्र माझ्यावर चिडला नाही, तो त्याचा मोठेपणा. उलट मे महिन्यात त्याचा फोटो आला. लॉनवाल्याने बुंधा उपसायचे वेगळे पैसे सांगितले होते, आणि आमच्या दादाने ते काम पुढच्या वर्षावर ढकललं होतं. त्या बुंध्यातून अकरा फुटवे आलेत, पुतण्याने मोजले. भोवती तारेचं कुंपण घातलंय, अनवाणी यायचं नाही अशी पाटी इंग्रजी आणि मराठीत.

नोंद मी परवा पुन्हा उघडून पाहिली. गोळा करणाऱ्याच्या रकान्यात दादाचं नाव असेल असं मी धरून चाललो होतो. नाव वहिनीचं आहे, माहेरच्या आडनावासकट, आणि पुढे तिचा संग्रह क्रमांक : १. परवाच फोनवर विचारत होती, क्रमांक २ साठी कोपऱ्यावरचं कुठलं झाड तोडलं तर चालेल. म्हटलं, आधी घरमालकाला विचारा.